जुन्या मोटारीतील हीटरची तोटी

आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यात राहतो. त्याने तेथे एक जुनी मॉरिस मायनर मोटार हौसेने घेतली असून तिची डागडुजी तो स्वतःच्या हातांनी करतो. गेल्या हिवाळ्यात त्याचे आम्हांस पत्र आले. लिंबाएवढी एक तोटी बदलावयास तो सकाळी बसला आणि दिवेलागणीस पाहतो तो गाडीतला सगळा हीटरच निकामी झालेला! आपले चुकले कोठे, असे त्याने विचारले होते. ती चूक कोणाच्याही हातून होण्याजोगी असल्यामुळे ती येथे उलगडून सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मुंबईकडच्या वाचकांस मोटारीत शेगडी कशाला, असे वाटून हसू येईल. परंतु जेथे रात्री पाणी गोठते तेथे हीटर हा केवळ सुखसोयीचा भाग नव्हे. समोरच्या काचेवर धुके धरले तर चालविणाऱ्यास रस्ताच दिसत नाही. ती काच हीटरच्या उबेनेच स्वच्छ राहते. ही ऊब फुकटची असते. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा सुमारे तिसरा हिस्सा एंजिनाभोवती खेळणारे पाणी वाहून नेते आणि रेडिएटरमधून ती हवेत जाते. त्याच पाण्याचा एक फाटा गाडीच्या आत नेऊन, तेथे बारीक नळ्यांच्या एका लहानशा रेडिएटरमधून तो खेळवावयाचा व पंख्याने त्यावर वारा घालावयाचा, की झाला हीटर. उन्हाळ्यात हा फाटा बंद करण्यासाठी जी झडप बसवितात तीच आपली तोटी.

मॉरिस मायनर ही अॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली गाडी १९४८ साली बाजारात आली आणि १९७१ पर्यंत मोटार म्हणून निघत राहिली. तिच्या सोळा लाखांहून अधिक प्रती निघाल्या. त्यांत मालवाहू व्हॅन व उघड्या पाठीची पिकअपही होती. आपल्याकडची ‘बेबी हिंदुस्थान’ ही तिचीच धाकटी बहीण म्हणावयाची. सुरुवातीच्या वर्षांत विलायतेतही हीटर जास्तीचे दाम मोजूनच मिळे. पुढे १९५२ पासून तिला जे एंजिन आले त्यात ही तोटी बिडाच्या सिलिंडर हेडवर मागच्या अंगास दोन नटांनी आवळलेली असते. कित्येक गाड्यांत ती बॉनेट उघडून हातानेच फिरवावी लागते. साहजिकच वर्षातून दोनदा, थंडीच्या आरंभी व अखेरीस, तिला हात लागतो. एरवी ती तशीच पडून राहते, आत क्षार व गंज साचतो, आणि एके दिवशी जोर करून फिरविली की दांड्याशी पाणी पाझरू लागते.

नवी तोटी विकत मिळते. अवघड आहे ते जुनी काढणे. एंजिन पुरते थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाचे झाकण असलेल्या गाडीत, दर चौरस इंचास ७ पौंड दाब असता, पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच तो दाब जातो, आणि तेच पाणी एकदम उसळून तोंडावर येते. पाणी हेडच्या पातळीखाली उतरेल इतकेच काढले म्हणजे पुरे. नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडविणारे तेल सोडून ठेवावे. नटाखालचा खिळा बिडात तुटला, तर तो कोरून काढण्यात दोन दिवस जातात.

आमच्या विद्यार्थ्याने हे सर्व केले होते. त्याचा घात झाला तो पुढे. तोटीबरोबर रबरी नळीही बदलावी, हा विचार योग्यच होता; पण तिचे हीटरकडचे टोक वर्षानुवर्षांच्या उष्णतेने धातूस चिकटून बसले होते. त्याने ते पकडीत धरून पिळले. हीटरची तोंडे पातळ पितळेची, डाखाने जोडलेली. नळी सुटली नाही, तोंडच सुटले. अशा वेळी नळीची माया करू नये. धारदार सुरीने तिला उभी चीर द्यावी आणि केळ्याच्या सालीसारखी ती सोलून काढावी. नळी स्वस्त असते, हीटर महाग.

त्या पत्रात आणखी एक ओळ होती, ती वाचून मात्र आमच्या अंगावर काटा आला. काढलेले हिरवट पाणी त्याने घमेल्यात अंगणात ठेवले होते आणि त्याची चार वर्षांची मुलगी त्यात बोट बुडवून ते तोंडात घालणार इतक्यात आईने तिला उचलले. पाणी गोठू नये म्हणून त्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळतात. ते चवीला गोड व पोटात जाताच मूत्रपिंडांचा नाश करणारे असते. कुत्री-मांजरे तर ते चाटून मरतात. तेव्हा घमेले आधी झाकावे, मग हात धुवावे.

नवी तोटी बसविताना हेडच्या भोकात चिंधीचा बोळा घालून जुने गॅस्केट खरवडावे, म्हणजे कपचे आत पडत नाहीत. बोळा काढावयास विसरू नये! दोन्ही नट आळीपाळीने थोडथोडे आवळावे. पाणी भरताना तोटी उघडी असावी. बंद ठेवल्यास हीटरमध्ये हवा कोंडते. मग झाकण काढलेल्याच स्थितीत एंजिन सुरू करावे आणि पातळी खाली जाईल तसे पाणी घालीत जावे. थोड्या वेळाने हीटरच्या दोन्ही नळ्यांस हात लावून पाहावा. एक कढत व दुसरी गार लागली तर हवा अजून अडली आहे असे समजावे.

आमच्या विद्यार्थ्याच्या हीटरचे तोंड एका वृद्ध रेडिएटर-कारागिराने पुन्हा डाख लावून जोडून दिले. आता तो भर उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा बॉनेट उघडून तोटी फिरवून ठेवतो, असे परवाच्या पत्रात त्याने कळविले आहे.