मानेची दुखापत आणि गिळण्यातील अडथळा

कापसाचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यवतमाळमध्ये शेतीकामाशी जोखीमही जोडलेली आहे. बैलगाडीवरून वा झाडावरून पडणे, विहिरीत कोसळणे, रस्त्यावरील अपघात अशा प्रसंगी मानेच्या मणक्यांना इजा होऊ शकते. हातपाय लुळे पडले तर ते तात्काळ ध्यानात येते. गिळण्यातील अडथळा मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहतो.

मानेत ७ मणके असून अन्ननलिका त्यांच्या लगत पुढून जाते. त्यामुळे तेथील सूज, पुढील बाजूने केलेली शस्त्रक्रिया, श्वासासाठी गळ्यात बसविलेली नळी किंवा मानेचा पट्टा यांमुळे घास सहज उतरत नाही. मज्जारज्जूला इजा झाली असल्यास खोकण्याची शक्तीही क्षीण होते. अशा वेळी श्वासनलिकेत शिरलेले पाणी बाहेर टाकले जात नाही आणि न्यूमोनिया होऊन प्राणावर बेतू शकते.

म्हणूनच जखमीला लगेच पाणी पाजण्याची रीत येथे घातक ठरते. त्याची मान न हलविता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. यवतमाळ येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे.

गिळण्याची तपासणी झाल्याखेरीज रुग्णास तोंडाने काही देऊ नये. पुढे घरी जेवताना ठसका लागणे, आवाज घरघरणे, वारंवार ताप येणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना दाखवावे. योग्य उपचारांनी अनेकांचा हा त्रास कमी होतो. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती ग्रामसभेत सांगितल्यास एखादा जीव वाचू शकेल.