झाशी स्थानकाचे नामांतर आणि डेटाबेसमधील परस्परविरोधी नियमांचा पेच

झाशी : येथील रेल्वे स्थानकाला वीरांगना राणी लक्ष्मीबाईंचे नाव देण्याची अधिसूचना उत्तर प्रदेश सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये काढली. नावापाठोपाठ स्थानकाचा संकेतही बदलला. ‘जेएचएस’च्या जागी आधी ‘व्हीजीएलबी’ आणि पुढे नावात ‘झाशी’ हा शब्द परत आल्यावर ‘व्हीजीएलजे’ आला. स्थानकाचा फलक एका दिवसात बदलता येतो. परंतु संगणकीय नोंदींसाठी ठरवलेले नियम अशा वेळी परस्परविरोधी ठरू शकतात. डेटाबेसची रचना करताना हा प्रश्न नेहमी उद्भवतो.

तीन नियम, एक पेच

त्या काळी रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी करता येत असे. त्यामुळे नामांतराच्या वेळी पुढील सुमारे चार महिन्यांची तिकिटे जुन्या संकेताने काढलेली असणे स्वाभाविक होते. अशा आरक्षण प्रणालीसाठी पुढील तीन नियम ठरवले आहेत, असे समजू. पहिला, तिकिटावरील संकेत स्थानकांच्या यादीत असलाच पाहिजे. याला ‘फॉरेन की’चे बंधन म्हणतात. दुसरा, यादीत केवळ सध्याचा अधिकृत संकेत असावा. तिसरा, एकदा दिलेल्या तिकिटाची नोंद बदलू नये.

तिन्ही नियम स्वतंत्रपणे योग्य आहेत. मात्र संकेत बदलताच ते एकत्र पाळता येत नाहीत. जुना संकेत यादीतून काढला तर पहिला नियम मोडतो, ठेवला तर दुसरा आणि तिकिटांवरील संकेत बदलले तर तिसरा.

विसंगती आधी का कळत नाही?

डेटाबेस प्रणाली प्रत्येक नोंद नियमांवर तपासते. नियम एकमेकांशी सुसंगत आहेत का, हे ती सहसा तपासत नाही. परस्परविरोधी अटीही ती स्वीकारते आणि नंतर नोंदी नाकारू लागते. अशा वेळी तपासणीच बंद ठेवण्याचा मोह होतो. त्याने काम तात्पुरते सुरू होते. पण चुकीच्या नोंदींनाही वाट मोकळी होते आणि त्याचा फटका वैध तिकीट असलेल्या प्रवाशाला बसू शकतो.

उपाय काय?

कोणता नियम अपुरा मांडला गेला, हे शोधणे ही पहिली पायरी. येथे दुसऱ्या नियमात काळाचा उल्लेख नाही. ‘कोणत्याही एका दिवशी स्थानकाचा एकच संकेत लागू असेल’, अशी मांडणी केली आणि प्रत्येक संकेतापुढे प्रारंभ व समाप्तीची तारीख नोंदवली, की तिन्ही नियम एकत्र नांदू शकतात.

दुसरी पायरी म्हणजे स्थानकाला कधीही न बदलणारा अंतर्गत क्रमांक देणे. नाव व संकेत ही त्या क्रमांकाची केवळ माहिती ठरते. १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसचा सिद्धांत मांडणारे एडगर कॉड यांनी १९७९ मधील शोधनिबंधात अशा पर्यायी ओळखीचा विचार मांडला होता.

विमानतळांच्या बाबतीत वेगळा मार्ग दिसतो. बॉम्बेचे अधिकृत नाव १९९५ मध्ये मुंबई झाले, तरी तेथील विमानतळाचा आंतरराष्ट्रीय संकेत आजही ‘बीओएम’ आहे. याउलट मोगलसराय, अलाहाबाद आणि झाशी येथे रेल्वेने नावाबरोबर संकेतही बदलले. दोन्ही मार्ग शक्य आहेत. मात्र नावानुसार संकेत बदलायचा असेल, तर जुन्या नोंदींची सोय रचनेतच असावी लागते.