ऑपरेशन एका दिवसाचं, बोलणं शिकणं वर्षांचं

‘बाप उशिरा बोलला, पोरगंही बोलेल,’ हे आपल्यापैकी कुणी ऐकलं नाही? आमच्या गटातल्या एका ताईनं ते दोन वर्षं ऐकलं. थाळी वाजवली की तिचा मुलगा वळून बघायचा, म्हणून घरचे निर्धास्त होते. पण त्याला दिसायचा तो थाळी वाजवणारा हात. आवाज पोहोचतच नव्हता. तपासणीत कळलं की, दोन्ही कानांना जवळजवळ ऐकू येत नाही. डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट सुचवलं. करायचं का, यावरून घरात वाद सुरू झाला. तेव्हा आम्हीही ताईसोबत दवाखान्यात गेलो आणि विचारत राहिलो. जे समजलं ते आज सांगतो.

आपल्या कानात खोलवर शंखासारखा भाग असतो. तिथल्या बारीक पेशी आवाजाचा निरोप नसेला देतात. कानाचं साधं यंत्र आवाज फक्त मोठा करतं. या पेशीच निकामी असतील, तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. अशा वेळी ऑपरेशन करून शंखात एक बारीक तार सरकवतात. कानामागचं यंत्र आवाज टिपतं. डोक्याला लोहचुंबकानं चिकटलेल्या चकतीतून तो आत जातो आणि तार थेट नसेला विजेचे हलके इशारे देते. झोपताना यंत्र काढलं की मुलाला पुन्हा ऐकू येत नाही. म्हणजे बहिरेपण जात नाही, ऐकण्याची एक वाट मिळते.

यंत्र सुरू होतं ते ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी. त्या दिवशी मूल बोलू लागत नाही, उलट दचकून रडूही शकतं. त्याला आवाज म्हणजे काय हेच नवीन असतं. पुढे यंत्र पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, वाचा-उपचारांना जावं लागतं आणि घरी रोज बोलत राहावं लागतं. हे काम वर्षानुवर्षांचं आहे.

म्हणून होकार देण्याआधी हे विचारा :

साधं यंत्र काही महिने लावून पाहिलं का? शंख आणि नस ठीक आहे का, हे स्कॅनमध्ये दिसलं का? मेंदूज्वरापासून वाचवणाऱ्या लसी झाल्या का? वाचा-उपचार कुठे मिळतील, एसटीनं किती लांब? वायर, बॅटरी, दुरुस्ती यांचा खर्च किती वर्षं, आणि तो कोण करणार?

पैशांसाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या 1 ते 5 वर्षांच्या मुलांना तिच्यातून इम्प्लांट मिळू शकतं. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था हे काम पाहते. उत्पन्नाची अट आणि कागदपत्रं नव्यानं विचारून घ्या. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेव्हा शंका असलेलं मूल नक्की दाखवा. मेंदू भाषा सहज शिकतो ती वर्षं लहानपणाचीच असतात. वाट पाहण्यात तीच जातात.

आणि एक. काही घरं विचार करून ‘नको’ म्हणतात, काही मुलांना इम्प्लांट चालतही नाही. तो मुलावर अन्याय नव्हे. खुणांची भाषा ही पुरी भाषा आहे. ती बोलणारी बहिरी माणसं शिकतात, कमावतात, संसार करतात. इम्प्लांट करा किंवा करू नका, मुलाला भाषेविना ठेवू नका. निर्णय होईपर्यंतही घरातल्या सगळ्यांनी खुणा शिकाव्यात. खुणा शिकल्यानं मूल बोलायचं राहत नाही.

आमच्या ताईनं ‘हो’ म्हटलं. पण त्याआधी घरच्यांना एकत्र बसवलं. उपचारांची दर आठवड्याची एसटी नवऱ्यानं करायची, बॅटरी रोज सासूबाईंनी चार्ज करायची, असं ठरवूनच सही केली. ‘एकट्या आईच्या डोक्यावर टाकणार असाल तर मी तयार नाही,’ असं ती स्पष्ट म्हणाली. तुमच्या गटातही हाच प्रश्न आधी मांडा.