पेटीतला कागद आणि लेकरांचा हक्क

बापाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपतो, पत्र्याची पेटी उघडली जाते आणि तळाशी घराचा कागद निघतो. त्यावर नावे असतात दुसऱ्या संसारातल्या मुलांची. पहिल्या घरची माणसे म्हणतात, "हा कागद कधी कुणाच्या हाती दिलाच नाही. मग तो रद्दीच!" बंधू-भगिनींनो, खरेच तसे आहे काय?

आधी कागद कोणता ते पाहा. मृत्युपत्र असेल तर ते हयातीत कुणाच्या हाती देण्याची गरजच नाही. ते माणसाच्या पश्चातच अंमलात येते. साधा कागद चालतो, नोंदणी सक्तीची नाही. मात्र बापाची सही किंवा अंगठा हवा आणि त्याच्यासमक्ष दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदार नसतील तर तो कागद कोर्टात टिकत नाही.

बक्षीसपत्राचे तसे नाही. घर-जमिनीचे बक्षीसपत्र नोंदवावेच लागते आणि देणारा हयात असतानाच घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते. नोंदणी नाही, मुलांना पत्ताही नाही, अशा कागदाने घर मिळत नाही.

आणि कागदच नसेल तर? १९५५ चा हिंदू विवाह कायदा व १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहेत. पहिली पत्नी हयात असताना, घटस्फोट न होता केलेले दुसरे लग्न बेकायदा ठरते. पण त्या लग्नाची मुले कायद्याने औरसच. आईबापाच्या मालमत्तेत त्यांना वाटा आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत बापाच्या वाट्याला जे आले असते त्यातही त्यांचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली रेवणसिद्धप्पा खटल्यात सांगितले. इतर नातलगांच्या वाट्यावर मात्र नाही.

लग्नच झाले नसेल तर त्या मुलांना वारसा आईकडूनच मिळतो, बापाकडून नाही. बापाच्या पश्चात त्यांना त्याचे घर मिळायचे तर मृत्युपत्रच हवे. स्वकष्टाची मिळकत माणूस मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो.

म्हणून धडधाकट असतानाच मृत्युपत्र करा. साक्षीदार वयाने लहान व ओळखीचे घ्या, कारण पुढे कोर्टात त्यांचीच साक्ष लागते. कागद कुठे आहे ते एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. घरात भीती वाटत असेल तर सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतो.

आईबापाचे लग्न झाले की नाही, यात लेकरांचा काय दोष? त्यांना उघड्यावर सोडू नका.