लोखंडालाही थकवा येतो

बैल थकला की आपल्याला लगेच कळते. तो मान टाकतो, चाऱ्याला तोंड लावत नाही. पण ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणारी पिन थकली तर ती काही बोलत नाही. एके दिवशी भर रस्त्यात ती सरळ तुटते.

गेल्या ऊस हंगामात आमच्याच घरी हे घडले. थोरल्या बंधूंची भरलेली ट्रॉली ओढ्याचा चढ चढत असताना पिन तुटली आणि ट्रॉली घरंगळत मागे जाऊन बांधाला अडकली. उसावर बसलेली दोन पोरे ओढ्यात पाणी प्यायला खाली उतरली होती, म्हणून अनर्थ टळला. पिन जुनी होती. मधोमध झिजलेली जागा बंधूंनी वेल्डिंगने भरून, घासून गुळगुळीत करून घेतली होती. आता ते म्हणाले, "स्लॅबची जाड सळई कापून घालू. काय तुटते बघू!"

माझा पुतण्या वाहन अभियांत्रिकी शिकतो. गाडीच्या कोणत्या भागाला कोणता धातू वापरावा, हा त्यांचा सुरुवातीचाच विषय. त्याने तुटलेली पिन पुसून उन्हात धरली आणि म्हणाला, "अप्पा, प्रश्न जाडीचा नाही. काका, तुम्हीच सांगा, काळ्या जमिनीतले पीक मुरमाड रानात येईल का?"

त्याने सांगितले ते असे. आपण ज्याला सरसकट लोखंड म्हणतो, त्यात खरा फरक पाडतो तो कार्बन, म्हणजे कोळशातले मूळद्रव्य. एक क्विंटल लोखंडात कार्बन पाव किलोपेक्षा कमी असेल, तर ते मऊ पोलाद. ते वाकते, सहज वेल्डिंग होते. ट्रॉलीचा पत्रा त्याचाच. अर्ध्या किलोच्या आसपास असेल, तर आस, पिना आणि पाटे यांच्या कामाचे पोलाद. तीन किलोच्या आसपास गेला की झाले बीड. बीड दाब उत्तम सोसते, इंजिनाचा हादरा जिरवते. म्हणून इंजिनाचा ब्लॉक आणि ब्रेकचा ड्रम बिडाचा करतात. पण ताण पडला किंवा घणाचा घाव बसला, तर ते मडक्यासारखे फुटते.

दुसरी गोष्ट पाणी देण्याची. ती आपल्या लोहाराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. कोयता लालबुंद करून पाण्यात बुडवला की तो कठीण होतो, पण ठिसूळही होतो. म्हणून लोहार तो पुन्हा थोडा तापवतो आणि अंगावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग आला की थांबतो. त्यावेळी उष्णता सव्वादोनशे अंशांच्या आसपास असते. त्याने ठिसूळपणा उतरतो आणि धार राहते. पिना आणि पाट्यांना कारखान्यात पाणी देतात ते याच तत्त्वावर, फक्त दुसऱ्यांदा त्यांना अधिक तापवतात. कारण त्यांना धारेपेक्षा चिवटपणा जास्त हवा असतो.

आता आमच्या पिनेचे काय झाले ते पाहा. वेल्डिंग करताना ती जागा वितळण्याइतकी तापली आणि बाजूच्या थंड लोखंडाने ती उष्णता झटकन ओढून घेतली. म्हणजे तेवढ्याच जागी पाणी दिल्यासारखे झाले, पण नंतरचे तापवणे राहून गेले. वेल्डिंगच्या कडेला ठिसूळ पट्टा तयार झाला आणि तिथे केसाएवढी चीर पडली. तुटलेल्या तोंडावर हे सगळे दिसत होते. अर्धा भाग गुळगुळीत, त्यावर झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळे. उरलेला भाग खडबडीत, ताजा. चीर खेपेगणिक थोडी थोडी पुढे सरकत होती आणि शेवटच्या दिवशी उरलेल्या भागाला भार पेलला नाही. यालाच धातूचा थकवा म्हणतात. तार मागेपुढे वाकवून आपण तोडतो ना, तसेच हे.

हे ज्ञान माणसाने मोठी किंमत देऊन मिळवले. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला. डबे इंजिनावर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने १८५० नंतर कित्येक वर्षे आसांवर प्रयोग केले. जो भार पोलाद एकदा सहज पेलते, त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा पडला तर तेच पोलाद तुटते, हे त्याने दाखवून दिले.

मग जाड सळई का नको? ती काँक्रीटसाठी केलेली असते. अंगावरच्या कंगोऱ्यांपाशी ताण गोळा होतो, भोकात ती घट्ट बसत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात हिसके बसतात.

हंगामापूर्वी एवढे करा. झिजलेली किंवा वाकलेली पिन ठोकून सरळ करू नका, वेल्डिंगने भरू नका; योग्य मापाची नवी घ्या आणि खालची क्लिप विसरू नका. पाट्यांना वेल्डिंग लावू नका. बोल्ट बदलताना डोक्यावरचा आकडा पाहा. ४.६ चा बोल्ट चौरस मिलिमीटरला सुमारे ४० किलो ताण सोसतो, ८.८ चा त्याच्या दुप्पट. चीर शोधायची असेल, तर पिन धुऊन काही वेळ डिझेलात ठेवा, कोरडी पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चीर असली, तर आत शिरलेले डिझेल झिरपून खडूवर ओली रेघ उमटते.

आणि घरातल्या माउल्यांना एक विनंती. भरल्या ट्रॉलीवर किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मधल्या दांडीवर पोरांना बसू देऊ नका. आमच्या वहिनींनी ती तुटलेली पिन ओसरीवर खुंटीला टांगून ठेवली आहे. पोर ट्रॉलीवर चढायला निघाले की त्या नुसते तिच्याकडे बोट दाखवतात.