रानमांजरे मोजायची कशी?

वाशीम जिल्ह्यात रात्री शेताच्या बांधावरून कधी कधी एक मातकट रंगाचे, लांब पायांचे आणि आखूड शेपटीचे जनावर झपाट्याने निघून जाते. ते रानमांजर. वाघांची गणना होते, मग याची का होत नाही?

प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्यामुळे जंगलात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून कोणता वाघ पुन्हा आला ते कळते. यावरून संख्या कशी काढतात, हे वर्गात करून पाहा. मूठभर सोयाबीनमधील ४० दाण्यांवर शाईची खूण करा आणि सगळे दाणे चांगले मिसळा. आता न बघता ३० दाणे उचला. समजा, त्यांत ६ खुणेचे निघाले. मग एकूण दाणे ४० × ३० ÷ ६, म्हणजे सुमारे २००.

प्रौढ रानमांजराच्या अंगावर मात्र ठळक पट्टे नाहीत की ठिपके नाहीत. खूणच नसेल तर हे गणित अडते. मग विष्ठेतील डीएनएवरून एकेक प्राणी ओळखावा लागतो. हे काम खर्चाचे आहे.

पैसा आणि माणसे थोडी असताना आधी काय शोधावे? माझ्या मते संख्येच्या आधी दोन प्रश्न घ्यावेत.

पहिला, रानमांजरे रस्ता कुठे ओलांडतात आणि कुठे मरतात? डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेला समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून जातो. रस्त्याखालच्या मोऱ्यांतून मांजर गेले की नाही, एवढेच पाहायचे असेल तर ते कोणते मांजर, हे कळण्याची गरज नसते.

दुसरा, ती काय खातात? राजस्थानातील सरिस्का येथील, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक रानमांजर दिवसाला ३ ते ५ उंदीरवर्गीय प्राणी खाते, असा अंदाज निघाला. रोजचे ४ धरले, तरी वर्षाचे दीड हजारांच्या घरात जातात. सोयाबीन-तुरीच्या शिवारात असा अभ्यास झाला, तर रानमांजर राखण्यात आपला किती फायदा आहे, हे शेतकऱ्याला आकड्यांत सांगता येईल.

शाळेच्या रोजच्या वाटेवर मेलेले रानमांजर दिसले, तर हात लावू नका. तारीख, जागा आणि बाजूचे पीक वहीत लिहा, वनखात्याला कळवा. वर्षभराच्या अशा नोंदींतून धोक्याची जागा नकाशावर दिसू लागते.