‘तसं काही नाही’ म्हणजे नेमकं काय?

तुम्ही दुःखी आहात का, असं थेट विचारलं तर बहुतेक जण “छे, तसं काही नाही” म्हणतात. आणि ते खोटं बोलत नसतात. दुःख म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रडणारा माणूस येतो. आपण तर रोज कामावर जातो, डबे भरतो, हप्ते फेडतो, लग्नकार्यांना हजेरी लावतो. म्हणजे आपलं ठीकच चाललंय. माझं पीएचडीचं काम नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावल्या आणि रोजची मराठी यांच्या सांध्यावर चालतं, त्यामुळे हे “तसं काही नाही” माझ्या चांगलं ओळखीचं झालंय.

१९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. १४ देशांतल्या १५ केंद्रांवर, साध्या तब्येतीच्या तक्रारींसाठी डॉक्टरांकडे आलेल्या लोकांची पाहणी त्यात केली होती. त्यात बंगळुरूही होतं. नैराश्याच्या निकषांत बसणारे ११४६ जण सापडले. त्यांच्यापैकी ६९ टक्के लोकांनी येण्याचं कारण म्हणून फक्त शारीरिक तक्रारी सांगितल्या होत्या. अंग दुखतं, थकवा आहे, डोकं जड होतं, असंच सगळं. पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. मनाच्या लक्षणांबद्दल थेट प्रश्न विचारल्यावरही ती नाकारणारे फक्त ११ टक्के निघाले. म्हणजे लोक लपवत नाहीत. नेमकं विचारलं तर सांगतात. “दुःखी आहात का” हा प्रश्न मात्र नेमका नाही.

मग नेमका प्रश्न कोणता? जगभर वापरली जाणारी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची यादी २००१ साली प्रसिद्ध झाली. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, एवढंच ती विचारते. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर नीट तपासणी करून घ्यावी, असं समजतात. गंमत म्हणजे यादीतला पहिला प्रश्न उदासीचा नाहीच. ती दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिला प्रश्न आहे, गोष्टी करण्यात रस किंवा आनंद वाटेनासा झालाय का?

या आनंद आटण्याला ‘अ‍ॅनहेडोनिया’ म्हणतात. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८९६ मध्ये हा शब्द घडवला. मराठीत यासाठी एक शब्द नाही, अनेक आहेत, आणि खरी मजा तिथेच आहे. “करमत नाही” हे बहुधा जागेशी आणि माणसांशी बांधलेलं असतं. हॉस्टेलवर गेलेल्या मुलाला करमत नाही, घरी आला की करमतं. ते काही नैराश्य नव्हे. “गोडी राहिली नाही” म्हणजे गोष्ट करतो, पण ती आता चवीची लागत नाही. आणि “जिवावर येतं” म्हणजे केल्यावर कदाचित बरंही वाटेल, पण उठवतच नाही.

शेवटच्या दोहोंतला फरक नुसता भाषेचा नाही. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज गेली कित्येक वर्षं ‘आवडणं’ आणि ‘हवंसं वाटणं’ या मेंदूतल्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत असं दाखवत आलेत. ज्यांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं, ते उंदीर समोरचं अन्न खायला जाईनात. पण तोंडात साखरेचं पाणी घातलं की चेहऱ्यावर मिटक्या मारल्यासारखे भाव तसेच! गोडी शाबूत, ओढ मात्र गेलेली. आपली आजी “जिवावर येतंय गं” म्हणते तेव्हा ती नेमकी कशाबद्दल बोलतेय, हे ऐकणाऱ्याने विचारायला हवं. एरवी आपण “आळस आहे, दुसरं काय” म्हणून मोकळे होतो.

तेव्हा स्वतःकडे (किंवा घरातल्या कुणाकडे) बघताना रडू शोधू नका. काय थांबलंय ते बघा. मैत्रिणीचा फोन वाजतो आणि “नंतर करते” म्हणून राहूनच जातो. आवडती मालिका नुसती चालू असते. पहाटे तीन-चारला जाग येते ती येतेच. बारीकसारीक गोष्टींवर चिडचिड होते. पुरुषांच्या बाबतीत तर हे हमखास “स्वभावच तापट” या खात्यात जमा होतं. यातलं एखादं सुटं लक्षण काहीच सांगत नाही. परीक्षा, बाळंतपण, घरातलं आजारपण, कुणाचाही जीव थकतो. माणूस गेल्यावर तर दुःख व्हायलाच हवं. बघायचं ते दोन गोष्टींकडे: हे जवळपास रोज, दोन आठवड्यांहून जास्त चाललंय का, आणि रोजची कामं अडायला लागलीत का.

ओळखून उपयोग काय, असं कुणी विचारतं. त्याला गोव्यातलं उत्तर देते. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या लोकांसाठी सहा ते आठ भेटींचा एक साधा उपचार तपासला गेला. निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसं होती. सुटलेली कामं छोट्या तुकड्यांत पुन्हा सुरू करायला मदत करणं, हा त्याचा गाभा. हुरूप येईल मग करू, असं नाही. आधी थोडं करायचं, हुरूप मागून येतो. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

राहिला यादीतला नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा. तो विचारला तर नसता विचार डोक्यात भरेल, अशी भीती अनेकांना वाटते. संशोधनात तसं दिसलेलं नाही, त्यामुळे शंका आली तर सरळ विचारा. उत्तर “हो” आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे, तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.